हा आकडा मोजला कोणी?

तलावाची पाळ फुटली, नहर बुजला, धानाचे चुकारे अडकले, की दिघोरीत आणि आजूबाजूच्या गावांत निवेदन लिहायचं काम बरेचदा माझ्याकडे येतं. लोकांचा आग्रह ठरलेला: "सर, सुरुवातीलाच एखादा जबर आकडा टाका." आकडाही तेच सांगतात. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, तेव्हा जिल्ह्यात इतके हजार तलाव. हे कुठे ऐकलं म्हणावं, तर एका भाषणात. भाषण करणाऱ्याने ते पेपरात वाचलेलं, आणि पेपरातल्या बातमीत आकड्याखाली ना वर्ष, ना कोणाचं नाव.

शेजारच्या गावचं असंच एक निवेदन माझ्यासमोर एका कार्यालयात वाचलं गेलं. साहेबांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं: हे तलाव कोणत्या सालचे, यादी कोणाची? कोणालाच सांगता येईना. पाळ फुटली होती हे शंभर टक्के खरं होतं, पण बोलणं त्या आकड्यावरच अडकलं. पाळीचा विषय मागे पडला आणि रोवणीचा हंगाम तसाच निघून गेला. आकड्याला आधार सापडला नाही म्हणून मागणीही संशयित झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आता मी आधी साल विचारतो. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. 1991 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 21 लाखांच्या वर होती, 2001 मध्ये ती 11,36,146 झाली. माणसं कुठे गेली नाहीत, जिल्ह्याची हद्द बदलली. तलावांचंही तेच. 1999 पूर्वीच्या कागदातला 'भंडारा जिल्हा' म्हणजे आजचे दोन जिल्हे. तो आकडा आजच्या भंडाऱ्याच्या नावावर टाकला, तर गोंदियाचे तलाव आपण फुकट मोजले असं होतं.

साल जुळलं तरी मोजणारा कोण हे उरतंच. 1951 मध्ये मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. गावाच्या निस्ताराचे, म्हणजे रोजच्या वापराचे तलाव आणि शेतातल्या बोड्या, म्हणजे लहान तळी, त्याहून निराळ्या. एका यादीत बोड्या धरल्या आणि दुसरीत सोडल्या, तर दोन्ही याद्या प्रामाणिक असूनही आकडे जुळणार नाहीत. अशा वेळी कोण खोटं बोलतो यावर भांडत बसू नका. यादीत काय धरलं आणि काय वगळलं, एवढं विचारा.

धानाच्या उताऱ्यावरून तर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. शेतकरी म्हणतो, एकरी पंधरा क्विंटल झालं. सरकारी तक्त्यात हेक्टरी पंचवीस क्विंटलच्या आसपासचा आकडा दिसतो, आणि कोणीतरी हिशेब करतो की एकरी दहाच क्विंटल दाखवले, आपल्याला लुटलं. तक्त्याचा मथळा वाचा. तिथे बहुतेक वेळा 'तांदूळ' असतो, धान नाही. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानाचा साधारण 67 किलो तांदूळ धरतात. एकरी पंधरा क्विंटल धान म्हणजे हेक्टरी सदतीस क्विंटल धान, आणि त्याचा तांदूळ जवळपास पंचवीस क्विंटल. दोघेही खरंच बोलत होते! उतारा खरोखर कमी धरला गेला असेल, तर भांडण उतारा ठरवणाऱ्या पीक कापणी प्रयोगावर करा: बांधी कोणती निवडली, कापणीच्या दिवशी गावातलं कोण हजर होतं, वजन ओल्या धानाचं की वाळलेल्या. तिथे तुमच्या बोलण्याला वजन येतं.

मोठ्या आकड्यांची गोष्टही वेगळी नाही. '70 हजार कोटींचा सिंचन घोटाळा' हे शब्द महाराष्ट्रात घराघरात गेले. 2011-12 च्या आर्थिक पाहणीतून निघालं होतं ते असं: दहा वर्षांत राज्याचं सिंचित क्षेत्र पिकाखालच्या एकूण क्षेत्राच्या तुलनेत जेमतेम 0.1 टक्क्याने वाढलं. त्याच दशकातला सिंचनावरचा एकूण खर्च 70 हजार कोटींच्या घरातला. खर्चाचा हा आकडा बोलता बोलता चोरीचा आकडा झाला. पुढे नोव्हेंबर 2012 मध्ये जलसंपदा विभागाने श्वेतपत्रिका काढली, तिच्यात वाढ बरीच मोठी दिसली. प्रकल्पाने निर्माण केलेली सिंचन क्षमता आणि शेतात प्रत्यक्ष पोचलेलं पाणी यांत किती अंतर असतं, ते गोसेखुर्द धरणाच्या शेजारी राहणाऱ्या आम्हाला कोणी शिकवायला नको. गैरव्यवहार झाला नाही असं मी म्हणत नाही. पण किती झाला हे सांगायला तो आकडा जन्मलाच नव्हता.

गावाचा आकडा घेताना नावाचाही घोळ होतो, दिघोरीचंच पाहा. नागपुरात उमरेड रोडला दिघोरी आहे, आमची दिघोरी मोठी लाखांदूर तालुक्यातली. गावाची माहिती काढताना तालुका पाहा आणि जनगणनेतला गावाचा सहा अंकी कोड जुळवा. 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे त्या सालची म्हणून कोणी गावाची नेमकी लोकसंख्या सांगितली, तर ती मोजलेली नाही, अंदाजाची आहे.

मूळ कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तराची मुदत 30 दिवस. 'जिल्ह्यात तलाव किती' असं विचारू नका, नुसता आकडा येईल. तालुक्यातल्या तलावांची गावनिहाय यादी, प्रत्येकाचं सिंचन क्षेत्र आणि यादी अद्ययावत केल्याची तारीख मागा. तोवर निवेदनात आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतले तलाव नावानिशी लिहा, पाळ कुठे आणि किती फूट खचली ते टेपाने मोजून लिहा, आणि मोजणाऱ्यांच्या सह्या खाली घ्या.