जहाज मर्स्कचं, इंधन कुणाचं?

प्रश्न : प्रदूषण कमी करणाऱ्या जहाजांसाठी बड्या मालवाहतूक कंपन्या बाहेरच्यांशी करार करतात, असं वाचनात येतं. एवढा पैसा असताना त्या स्वतःच संशोधन का करत नाहीत? आणि हे बाहेरचे भागीदार नेमकं करतात तरी काय? (एक वाचक, उरण)

उत्तर : पैसा आहे, पण या कंपन्यांचं कसब माल पोहोचवण्याचं. इंजिन घडवणं किंवा इंधन तयार करणं हा त्यांचा धंदाच नाही.

डेन्मार्कच्या मर्स्कचं 'लॉरा मर्स्क' घ्या. हिरव्या, म्हणजे खनिज तेल-वायूपासून न बनवलेल्या, मिथेनॉलवर चालू शकणारं हे जगातलं पहिलं कंटेनर जहाज. सप्टेंबर २०२३ मध्ये कोपनहेगनला त्याचं नामकरण झालं. ते बांधलं दक्षिण कोरियातल्या ह्युंदाई मिपो गोदीनं, इंजिनाचा आराखडा मान एनर्जी सोल्यूशन्सचा. मिथेनॉल नेहमीच्या तापमानाला द्रवच राहतं. द्रवरूप नैसर्गिक वायूसारखं उणे १६२ अंशांवर ठेवावं लागत नाही. मात्र ते विषारी आहे, त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी नेहमीच्या जहाजी तेलाच्या दुपटीहून मोठी टाकी लागते. या अडचणी गोदीनं आणि इंजिनवाल्यांनी सोडवल्या.

खरं घोडं अडलं ते इंधनापाशी. हिरवं मिथेनॉल जहाजांना पुरेल एवढं कुणी बनवतच नव्हतं, कारण घेणारं गिऱ्हाईक नव्हतं. आणि इंधनच नाही, तर जहाज कोण बांधणार? २०२१ मध्ये मर्स्कनं जहाजांची मागणी आधी नोंदवली आणि मग इंधन बनवणाऱ्यांशी खरेदीचे करार करत गेली. माझ्या मते या सगळ्या भागीदारीत हेच पाऊल सर्वांत मोलाचं. ठरावीक माल वर्षानुवर्षं उचलण्याची लेखी हमी असली की कारखान्याला कर्ज मिळण्याची शक्यता वाढते. ही हमी प्रयोगशाळा देऊ शकत नाही.

दक्षिण डेन्मार्कमध्ये कासो इथं मे २०२५ मध्ये सुरू झालेला कारखाना पाहा. तो युरोपियन एनर्जी या कंपनीनं उभारला, जपानची मित्सुई त्यात भागीदार आहे. शेजारच्या सौर प्रकल्पाच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायचा, बायोगॅस प्रकल्पातून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी जोडायचा, की मिथेनॉल तयार. जहाजात ते जळल्यावर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच; पण तो वनस्पतींनी हवेतूनच घेतलेला असतो, जमिनीखालून उपसलेला नव्हे. कारखान्याची वाया जाणारी उष्णतासुद्धा जवळच्या ओबेनरो शहरातली घरं उबदार ठेवायला वापरतात. मर्स्कखेरीज लेगो आणि नोव्हो नॉर्डिस्क हीही इथली गिऱ्हाइकं. खेळण्यांच्या आणि इन्सुलिन पेनांच्या प्लास्टिकसाठी त्यांना हेच मिथेनॉल हवंय. जहाजवाल्यासोबत खेळणीवाला आणि औषधवालाही हमी देतो, तेव्हा एकट्यावरचा भार हलका होतो. कारखान्याची क्षमता मात्र वर्षाला सुमारे ४२,००० टन. मोठ्या जहाजांच्या ताफ्यासाठी ती फारच अपुरी आहे.

हमी मिळाली नाही की काय होतं, तेही दिसलं. ऑर्स्टेड या दुसऱ्या डॅनिश कंपनीनं स्वीडनमधला 'फ्लॅगशिप-वन' हा मिथेनॉल प्रकल्प बांधकाम सुरू झालेलं असतानाही ऑगस्ट २०२४ मध्ये गुंडाळला. परवडेल अशा भावात दीर्घ मुदतीचे खरेदीदार मिळेनात. त्याच वर्षी मर्स्कनंही द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या जहाजांची मागणी नोंदवली. व्यवहार म्हणून मला ते समजतं, पण खटकतं. वायू स्वस्त असला तरी तो खनिजच.

हिरवं मिथेनॉल नेहमीच्या जहाजी इंधनाहून बरंच महाग आहे. त्यामुळे आता प्रश्न उरतो तो वरचे पैसे भरण्याचा. कार्बनवर जगभर आकार लावण्याचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे होता, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या बैठकीत तो वर्षभरासाठी पुढे ढकलला गेला. तूर्त मर्स्क 'इको डिलिव्हरी' या नावानं जादा दराची सेवा विकते, आणि ज्या कंपन्यांना आपल्या मालामागचं प्रदूषण कमी दाखवायचं असतं, त्या ती घेतात.