बैठकीत ‘नाही’ म्हणणाऱ्याचं काय होतं?



आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, युद्धकांड, सर्ग १७ आणि १८. वेळ असेल तर त्याआधीचे सर्ग ६ ते १६ पण चाळा. कारण आज आपल्याला दोन बैठका शेजारी-शेजारी ठेवून बघायच्या आहेत. एक लंकेत रावणाच्या सभेत झालेली, दुसरी समुद्राच्या अलीकडे वानरांच्या छावणीत.

हा विषय घेण्यामागे एक प्रश्न आहे. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका ताईने विचारलं, “ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात आणि मला सरळ चूक दिसत असते. पण मी गप्प बसते. गप्प बसणं हीच नम्रता ना?” ती मिहानमधल्या एका कंपनीत काम करते. पण प्रश्न फक्त तिचा नाही. सोसायटी असो, गणेश मंडळ असो की घरातली लग्नाची बोलणी, आपण सगळे या जागी कधी ना कधी बसलेलो आहोत.

आधी लंकेत जाऊ. हनुमंत लंका जाळून गेला आहे आणि रावण सभा बोलावतो. गंमत म्हणजे सल्लामसलत कशी असावी हे त्याला छान माहीत आहे. सहाव्या सर्गात तो उत्तम, मध्यम आणि अधम सल्ल्याची लक्षणं स्वतःच सांगतो! पण पुढे काय होतं? प्रहस्त, दुर्मुख, वज्रदंष्ट्र एकामागून एक उठतात आणि ‘मी एकटाच सगळ्यांना मारून येतो’ अशा बढाया मारतात. सीतेला परत पाठवावं की नाही, हा खरा प्रश्न कुणी काढतच नाही. फक्त बिभीषण काढतो. नंतर कुंभकर्णसुद्धा रावणाला सुनावतो की विचारायचं होतं तर सीतेला आणण्याआधी विचारायचं होतं, आता विचारून काय उपयोग? इतकं बोलून तोही लढायला तयार होतो.

इथे थोडं थांबा. निर्णय आधीच झालेला होता, सभा फक्त माना डोलवायला बोलावली होती. अशी मीटिंग ओळखीची वाटते ना? शेवटी बिभीषणाचा भर सभेत अपमान होतो आणि तो चार साथीदारांसह लंका सोडतो.

आता तोच बिभीषण समुद्र ओलांडून रामाच्या छावणीवर येतो आणि आकाशातूनच शरण मागतो. सुग्रीव लगेच म्हणतो, हा शत्रूचा भाऊ आहे, हेर असणार, याला मारूनच टाकू. सुग्रीव राजा आहे, सेना त्याची आहे. रामराय तिथेच ‘ठीक’ किंवा ‘नाही’ म्हणू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. ते बाकीच्यांकडे वळले आणि म्हणाले, सुग्रीवाचं ऐकलंत, आता तुमचं सांगा. त्यावर वानर म्हणतात की तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, आमचा मान राखायला विचारता. तर मग एकेकाने बोलावं.

एकेकाने! हा शब्द माझ्या मनात फार दिवस घर करून आहे. अंगद म्हणतो, आधी पारखून घ्या. शरभ म्हणतो, गुप्तहेर पाठवा. जांबवानाला वेळ आणि जागा दोन्ही संशयास्पद वाटतात. मैंद म्हणतो, गोड बोलून त्यालाच विचारा. सगळ्यात शेवटी हनुमंत बोलतो. आपण वादासाठी किंवा मोठेपणासाठी बोलत नाही हे तो आधी स्पष्ट करतो, आणि मग एकेका मताचं उत्तर देतो. समोर उभ्या असलेल्यावर हेर कसा पाठवणार? एकदम उलटतपासणी घेतली तर प्रामाणिक माणूसही बिचकेल. त्याच्या बोलण्यात, चेहऱ्यावर कपट दिसत नाही, म्हणून त्याला घ्यावं.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. हनुमंत सुग्रीवाचा मंत्री आहे. आपल्याच राजाच्या विरुद्ध मत तो भर बैठकीत, राजासमोर मांडतोय. दास्यभक्तीचा आदर्श ज्याला आपण मानतो, त्याची नम्रता त्याला गप्प बसवत नाही. ती फक्त त्याच्या बोलण्यातला अहंकार काढून टाकते. म्हणजे गप्प बसणं वेगळं आणि नम्र असणं वेगळं. ज्याची सेवा करतो त्याला खड्डा दिसत नसेल तर तो दाखवणं हीसुद्धा सेवाच आहे.

पण एकट्याने बोलणं अवघड असतं, हेही खरं. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१च्या सुमारास अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. रेघांची लांबी ओळखायची. खोलीतले बाकीचे लोक ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही सुमारे एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या बाजूने गेली. मात्र एकानेच जरी खरं उत्तर दिलं, तर हे प्रमाण खूपच खाली आलं. पहिला ‘नाही’ म्हणणारा दुसऱ्याची वाट मोकळी करतो.

आपल्या विदर्भातच एका गावाने ही वाट कायमची मोकळी ठेवली आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटं गोंड आदिवासी गाव आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलतात, पुन्हा बोलतात. त्याशिवाय अभ्यासगट आहे, तिथे फक्त समजून घ्यायचं, ठरवायचं काही नाही. ठरवणं ग्रामसभेचं काम. अशी पद्धत वेळखाऊ वाटेल. पण याच गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही मिळाला. देशात हे हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असलं की इतकी वर्षं टिकून राहता येतं.

आमच्या भागातल्या मंडळात रामनवमीच्या मिरवणुकीला डीजे लावायचा का, यावर हात वर करून मत घेणं चाललं होतं. जवळजवळ सगळे हात वर होते. एक वयस्क काका म्हणाले, “पोट्टेहो, वर गेलेले हात काय मोजून राहिले? ज्याचा हात खाली आहे त्याले इचारा ना!” विचारलं तर कळलं, एका मुलाची आजी नुकतीच हृदयाच्या ऑपरेशननंतर घरी आली होती आणि मिरवणूक तिच्याच दारावरून जाणार होती. तो आपणहून कधीच बोलला नसता. त्या वर्षी टाळ-मृदंग निघाले.

आता शेवटचा भाग, मला सगळ्यात जास्त आवडणारा. रामरायांनी शरण आलेल्याला अभय द्यायचं ठरवलं. सुग्रीव तरीही हटला नाही, पुन्हा विरोध केला. रामराय चिडले नाहीत. त्यांनी पारध्याला आसरा देणाऱ्या कबुतराची गोष्ट सांगितली, आपलं व्रत सांगितलं. आणि बिभीषणाला घेऊन यायला कुणाला सांगितलं? सुग्रीवालाच! तोवर सुग्रीवाचं मन पालटलं होतं. बिभीषण आमच्या बरोबरीचा होवो, असं तो स्वतः म्हणाला.

लंकेत विरोध करणारा सभा सोडून गेला. इथे विरोध करणारा शेवटपर्यंत रामाच्या शेजारी राहिला. आपल्या घरातली, ऑफिसातली बैठक कशी झाली हे बघायचं असेल तर एवढंच बघा : ‘नाही’ म्हणणारा नंतर कुठे आहे?

आजचा अभ्यास :
१. तुम्ही टीम लीड असाल, घरात मोठे असाल, तर या आठवड्यात एका बैठकीत स्वतःचं मत सगळ्यात शेवटी सांगा.
२. गप्प बसलेल्या एकाला नाव घेऊन, प्रेमाने विचारा.
३. विरोध करायचा असेल तर हनुमंतासारखा करा. आधी मन तपासा, मग कारणं द्या, माणसाला लागेल असं बोलू नका.
४. निर्णय तुमच्याविरुद्ध गेला तरी सुग्रीवासारखं कामाला लागा.

हे रामराया, आम्हाला खरं बोलायची हिंमत दे आणि खरं ऐकून घ्यायचं मोठं मन दे.

राम कृष्ण हरी!