कॉफी : बागेपासून कपापर्यंत

कापडाच्या धंद्यात आम्ही इतके शिकलो की भाव दुकानात ठरत असला तरी मालाचा कस सुतात आणि मागावरच ठरतो. कॉफीचेही तसेच आहे. आपले कितीतरी बांधव किराणा व हॉटेलच्या धंद्यात आहेत, पुडे विकतात. पण हा माल तयार कसा होतो याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

उर्दूत आपण ज्याला कहवा म्हणतो तो शब्द मूळचा अरबी. एके काळी यमनच्या मोखा बंदरातून हा माल जगभर जात असे. सतराव्या शतकात हजहून परतताना बाबा बुढन यांनी सात बिया आणून चिकमंगळूरच्या डोंगरात पेरल्या, असे सांगितले जाते. तो डोंगर आजही बाबाबुडनगिरी म्हणूनच ओळखला जातो. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते.

जाती मुख्यतः दोन. अरेबिका नाजूक, उंचावर वाढणारी, सुवासिक. रोबस्टा काटक व कडवट. दोन्ही मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर आली की आठ-दहा दिवसांत पांढरी फुले येतात. ही सर चुकली की बागायतदाराची झोप उडते. तोडणी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून लाल झालेली तेवढीच हाताने वेचावी लागतात आणि त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावे लागते.

पुढचे काम घाईचे. फळे त्याच दिवशी यंत्रात घालून साल काढतात. बियांवर चिकट थर राहतो. तो सुटावा म्हणून त्या हौदात आंबवतात, मग स्वच्छ धुऊन उन्हात वाळवतात. आंबवणे जास्त झाले की कॉफीला कुबट वास लागतो, आणि तो पुढे कशानेही जात नाही. दुसरी रीत म्हणजे फळ सालीसकट वाळवणे. खर्च कमी, चवही वेगळी. शेवटी गिरणीत टरफल काढून चाळणीने आकारवार प्रत लावतात. साधारण सहा किलो फळांतून एक किलो कच्ची बी हाती लागते. भाजताना आणखी १५ ते २० टक्के वजन घटते. भाव महाग वाटला तर हा हिशेब करून पाहावा.

कच्ची बी कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकते. दळलेल्या कॉफीचा सुवास मात्र लवकर उडतो. आम्ही एकदा स्वस्त पडते म्हणून नातेवाइकाच्या दुकानासाठी पोतेभर भुकटी एकदम भरली. दोन महिन्यांत गिऱ्हाईक तोंड वाकडे करू लागले. भुकटी म्हणजे थान नव्हे, थोडी थोडीच आणावी.

चिकोरी मिसळणे कायद्याने चालते, पण मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि चिकोरीचे प्रमाण पुड्यावर छापलेले हवे. सुट्या मालाची शंका आली तर ग्लासभर थंड पाण्यावर चिमूटभर भुकटी टाकावी. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी रंगाच्या रेघा सोडीत लगेच तळाशी जाते.