ट्रॅक्टरला ट्रॉलीची हिच बसविताना

ट्रॉली ओढण्याचा बिंदू मागील अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेच्या खालीच असावा. तो वर गेल्यास भरलेली ट्रॉली चढावर ओढताना पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे, थेट चालकावर उलटू शकतो. हे इतके झटपट घडते की क्लच दाबण्यासही अवधी मिळत नाही. म्हणून वरच्या लिंकच्या जागी साखळी अडकवून ओढणे सर्वथा टाळावे. अ‍ॅक्सलचे आवरण बहुधा बिडाचे असते; त्यावर हिच वेल्ड करू नये, जोड दिसायला कितीही भक्कम असो. उत्पादकाने ठेवलेल्या छिद्रांतच, माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे बोल्ट (माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असा अंक असतो) टॉर्क पान्याने आवळावेत. पहिल्या काही फेऱ्यांनंतर ते पुन्हा तपासावेत. पिनेला खिळा वा तार नव्हे, क्लिपच लावावी.