स्त्रियांच्या इतिहासाचे कायमचे संग्रहालय का हवे?



3 जानेवारीला तुमच्या शाळेत काय होतं? सावित्रीबाईंची प्रतिमा कपाटातून निघते, पुसली जाते, हार घातला जातो. दोन-चार मुली नऊवारी नेसून भाषण करतात. 4 तारखेला प्रतिमा परत कपाटात. आमच्या शेळगावातही असंच होतं आणि मीही वर्षानुवर्षे हेच करत आले.

मागच्या वर्षी मी चौथीच्या मुलांना सांगितलं, आजी वापरायची अशी एक वस्तू घरून आणा. कंदील आला, सूप आलं, एक फुटकी फणेरपेटी आली. एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्यात जातं हाय, पण आणता येत नाय. न्हाणीच्या दारात पायरी केलीय त्याची." वर्ग हसला, मीही हसले. घरी गेल्यावर मात्र आठवलं, माझ्या आजीचं जातं कुठं गेलं हे मलाही माहीत नाही. तिच्या ओव्यांतली एकही मला पूर्ण येत नाही.

या ओव्या कोणी जपल्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावी जाऊन एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, पाऊस, विठ्ठल, अगदी डॉ. आंबेडकरांवरच्याही ओव्या त्यात आहेत. ज्या बाईला सही येत नव्हती तिचं म्हणणं तिथे नोंदलं गेलं. आज त्या इंटरनेटवर ऐकता येतात. पण आपल्या मुलांना सहलीत नेऊन जातं दाखवावं, ते दोघींनी कसं ओढायचं हे करून दाखवावं आणि तिथेच ओवी ऐकवावी, अशी जागा कुठे आहे?

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी, दागिने, बघून डोळे दिपतात. पण ते भांडं कोण घासत होती, तिचं नाव काय, हे समजत नाही. (वस्तू जमवायला काकासाहेब केळकरांना पत्नी कमलाबाईंचीही साथ होती, हेही किती जणांना माहीत असतं?)

आता भिडे वाड्याकडे या. बुधवार पेठेत 1848 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. अनेक वर्षे कोर्टकचेरी चालली, वाडा पडायला आला. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये तो पाडला आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं. आनंदच आहे. पण माझं स्पष्ट मत आहे, नुसता पुतळा नको. तिथे फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा 1855 चा निबंध मुलांना वाचता यावा. 1877 च्या दुष्काळात सावित्रीबाईंनी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र वाचता यावं. ताराबाई शिंदेंचं 1882 चं 'स्त्री-पुरुष तुलना' मांडलेलं असावं. आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनी छापखाना चालवला, त्याचीही माहिती तिथे असावी. आणि मोठ्या नावांच्या शेजारीच ऊसतोडणीचा कोयता असावा, कारण त्या कोयत्यामागच्या बाईचा इतिहास कुठल्याच पुस्तकात नाही.

बाहेर हे झालेलं आहे. व्हिएतनाममध्ये हनोईला महिला संग्रहालय 1995 पासून लोकांसाठी खुलं आहे. अमेरिकेने 2020 मध्ये कायदा करून असं राष्ट्रीय संग्रहालय मंजूर केलं, त्याची इमारत अजून व्हायची आहे. म्हणजे श्रीमंत देशालाही उशीर झालाच.

कोणी म्हणेल, आधी शाळेची गळकी खोली दुरुस्त करा, मग संग्रहालय. मलाही गळकी खोली दिसते हो. पण खोली पुढच्या वर्षी दुरुस्त होईल. आजी गेली की तिच्या ओव्या पुढच्या वर्षी मिळणार नाहीत.

म्हणून सरकारचं होईल तेव्हा होईल, वर्गाचा एक कोपरा आपण आत्ताच धरू. या आठवड्याचा उपक्रम: मुलांनी आजीला किंवा शेजारच्या वयस्कर बाईला चार प्रश्न विचारायचे. तुमचं माहेरचं पूर्ण नाव काय? कितवीपर्यंत शिकलात, शाळा का सुटली? पहिली मजुरी किती मिळाली? जात्यावरची एखादी ओवी येते का? उत्तरं जशीच्या तशी, त्यांच्याच बोलीत लिहायची. आजीची परवानगी असेल तर मोबाईलवर आवाजही घ्या. वहीच्या पहिल्या पानावर आजीचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या वर्गात अशा वह्या कपाटाबाहेर, खिडकीजवळच्या फळीवर ठेवल्यात.