वजनकाट्याचा आकडा संगणकात का चुकतो?

दूध संकलन केंद्रावर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा संगणकाला जोडलेला असला, म्हणजे उत्पादकाच्या खात्यावर जमा होणारी रक्कम काट्याकडून येणाऱ्या आकड्यावर अवलंबून राहते. काटा अचूक असूनही नोंद चुकीची पडली, तर नुकसान सभासदाचे होते आणि संशय मात्र केंद्रचालकावर येतो. अशा वेळी दोष नेमका कोठे आहे, हे क्रमाने तपासणे इष्ट ठरते.

असे काटे बहुधा सिरीयल पोर्टमार्गे जोडलेले असतात. या जोडणीचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली तयार झाले. काट्याचा आकडा वाचणारी आज्ञावली पुष्कळदा सी भाषेत लिहिलेली असते. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केली.

प्रथम जोडणी

आज्ञावलीत हात घालण्यापूर्वी तार आणि मांडणी तपासावी. दोन्ही टोकांचा वेग, डेटा बिटांची संख्या, पॅरिटी व स्टॉप बिट ही एकसारखीच असली पाहिजेत. वेग जुळत नसेल, तर निरर्थक अक्षरे येतात. पॅरिटीतील चूक अधिक फसवी असते. काटा सात बिट व सम पॅरिटीने पाठवीत असेल आणि संगणक आठ बिट, विनापॅरिटी वाचीत असेल, तर ०, ३, ५, ६ व ९ हे अंक बरोबर येतात. १, २, ४, ७ व ८ मात्र बिघडतात. म्हणून आलेला प्रत्येक बाइट अक्षररूपात न पाहता त्याच्या क्रमांकासह छापून पाहावा.

आकडा तुकड्यांनी येतो

नेहमी आढळणारा दोष याच्या पुढचा आहे. ९६०० बॉड वेगाने, प्रत्येक अक्षरास दहा बिट धरल्यास, सेकंदाला फार तर ९६० अक्षरे येतात. संगणक त्याहून कितीतरी वेगवान असतो. त्यामुळे ‘रीड’ हे फलन संपूर्ण आकड्याची वाट पाहीलच असे नाही. त्या क्षणी जेवढे बाइट आलेले असतील, तेवढेच ते हाती देऊ शकते.

समजा, काट्याने ‘०१२.४५०’ हा आकडा पाठविला. पहिल्या वाचनात ‘०१२.४’ व दुसऱ्यात ‘५०’ मिळाले आणि आज्ञावलीने प्रत्येक वाचन स्वतंत्र वजन मानले, तर प्रथम १२.४ आणि मागाहून ५० किलोग्रॅम अशा दोन नोंदी पडतील. दोन्ही खोट्याच!

यावरील उपाय सोपा आहे. ‘रीड’ने परत दिलेली संख्या पाहावी व तितकेच बाइट बफरमध्ये पुढे जोडीत जावे. आकड्याच्या शेवटी येणारी खूण, म्हणजे बहुधा क्रमांक १३ किंवा १० चा बाइट, मिळाल्यावरच वजन काढावे. सी भाषेतील शब्दमालेच्या शेवटी शून्य बाइट लागतो. ‘रीड’ तो स्वतः जोडीत नाही. त्यासाठी एक जागा राखावी आणि बफरच्या मर्यादेपलीकडे कधीही लिहू नये. परत आलेली संख्या ऋण असल्यास ती त्रुटी समजावी, वजन नव्हे.

आज्ञावली थबकते तेव्हा

युनिक्स व लिनक्स प्रणालींत ओळीनुसार वाचनाची पद्धत चालू असल्यास ओळ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १० क्रमांकाचा बाइट येईपर्यंत, मजकूर आज्ञावलीकडे सोपविला जात नाही. काटा केवळ १३ पाठवीत असेल आणि त्याचे १० मध्ये रूपांतर करण्याची सोय बंद असेल, तर आकडा येऊनही आज्ञावली वाट पाहत राहते. ‘टर्मिऑस’ मांडणीत ही पद्धत बंद करून वाचनास कालमर्यादा घालावी.

शंकास्पद नोंद नकोच

आज्ञावली सुरू होते तेव्हा काट्याचे प्रक्षेपण मध्यावर असू शकते. म्हणून पहिली खूण येईपर्यंतचा मजकूर सोडून द्यावा. त्यानंतरही लांबी ठरल्याप्रमाणे नसेल किंवा अंकांच्या जागी अन्य चिन्ह असेल, तर नोंद न करता पुन्हा वजन घ्यावे. पुन्हा वजन घेण्यास काही क्षणच लागतात. चुकीच्या नोंदीने गेलेला विश्वास परत मिळण्यास मात्र फार काळ लागतो. म्हणून काट्यावर दिसणारे वजन व पावतीवरील वजन सभासदासमक्ष पडताळण्याचा प्रघात प्रत्येक केंद्राने पाळणे हिताचे आहे.