सामाईक वेल्डिंग शेडमधील ग्राइंडर : वीज, बॅटरी की हवा?

खरिपाच्या तोंडावर शेतकरी गटाच्या वेल्डिंग शेडमध्ये अवजारांच्या दुरुस्तीची गर्दी होते. कुळवाची पास असो, नांगराचा फाळ असो की ट्रॉलीचा हूक, जोडापूर्वी गंज काढण्यास व नंतर जोड घासण्यास अँगल ग्राइंडर लागतोच. तो विजेवर, बॅटरीवर किंवा दाबाच्या हवेवर चालतो. खरेदीपूर्वी काम कोठे व किती वेळ चालणार, हे ठरवावे.

वीज

शेडमधील रोजच्या कामासाठी २३० व्होल्टचा ग्राइंडर किफायतशीर ठरतो. १०० मि.मी. (४ इंची) चाकाचा ग्राइंडर साधारणतः ६०० ते ८५० वॅटचा, तर १८० मि.मी. (७ इंची) चाकाचा सुमारे २००० वॅटचा असतो. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. म्हणजे मोठा ग्राइंडर सुमारे ९ अँपिअर घेतो. त्यासाठी १६ अँपिअरचा प्लग असावा.

वायर बारीक व लांब असल्यास व्होल्टेज पडते. ९ अँपिअरला १ चौ.मि.मी. तांब्याच्या ५० मीटर वायरीत सुमारे १६ व्होल्ट पडतात, २.५ चौ.मि.मी. वायरीत ६ ते ७ व्होल्टच पडतात. व्होल्टेज कमी झाले की चाक मंदावते, कारागीर जोर देतो आणि आर्मेचर तापून जळते. वेल्डिंग मशीनची लाइन वेगळी ठेवावी.

बॅटरी

१८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॅट-तास शक्ती असते. ६०० वॅटच्या भारावर ती सुमारे ९ मिनिटांत संपते. म्हणून शेतात अडकलेला बोल्ट कापणे, पाइप कापणे अशा थोड्या कामासाठीच ती योग्य. गटाने एकाच कंपनीची साधने घ्यावीत, म्हणजे बॅटऱ्या एकमेकांना चालतात. चार्जर ठिणग्या व उन्हापासून दूर ठेवावा. शेतात काम जास्त असल्यास जनित्र न्यावे. त्याची क्षमता ग्राइंडरच्या दुप्पट असल्यास सुरू करताना अडचण येत नाही.

हवा

हवेच्या ग्राइंडरला सतत भरपूर हवा लागते. पंक्चर दुकानातील लहान कॉम्प्रेसरची टाकी लगेच रिकामी होते. मोठा कॉम्प्रेसर आधीच असेल तरच हा पर्याय घ्यावा.

सुरक्षितता

वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जोड द्यावयाच्या लोखंडालाच, जोडाजवळ लावावा. तो सैल किंवा भलतीकडे असल्यास वेल्डिंगचा प्रवाह त्याच लोखंडाला टेकलेल्या यंत्राच्या अर्थिंगच्या वायरीतून परतून ती जाळू शकतो. मग यंत्राच्या आवरणात वीज उतरली तर धोका जिवावर बेततो. शेडच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. चाकावर लिहिलेले फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांइतके किंवा जास्त असावेत. चाक बदलण्यापूर्वी प्लग, बॅटरी किंवा हवेची नळी काढावी. गार्ड व चष्मा यांशिवाय ग्राइंडर कोणाच्याही हाती देऊ नये.

थोडक्यात, शेडसाठी एक विजेचा व शेतासाठी एक बॅटरीचा ग्राइंडर घेतल्यास बहुतेक गटांची गरज भागते. वायर, प्लग व गार्ड तपासण्याची जबाबदारी मात्र एका सभासदाकडे नेमून द्यावी.